भयपटाची पहिली तीन मिनिटे कशी रचावीत: सोलापुरातील नवोदितांसाठी

भयपटाचा लघुपट करायला निघालेल्या नव्या मंडळींची पटकथा बहुधा एकाच जागी सुरू होते: रात्र, मुसळधार पाऊस, जुना वाडा, करकरणारे दार आणि केस मोकळे सोडलेली बाई. सोलापुरात यांपैकी पाऊस मिळणेच मुळात अवघड. पण तो मिळाला तरी प्रेक्षक घाबरेल याची खात्री नसते, कारण ही सगळी सामग्री त्याने इतक्या वेळा पाहिलेली असते की तिच्यातून त्याला नवे काहीच कळत नाही. चांगल्या भयपटाचे सुरुवातीचे दृश्य बारकाईने पाहिले, तर ते प्रेक्षकाला घाबरवण्याच्या आधी काहीतरी शिकवताना दिसते: या चित्रपटातला धोका कोणत्या खुणेवरून ओळखायचा आणि तो कोणत्या नियमाने वागतो. ती खूण एकदा मनात बसली की पुढे दिग्दर्शकाला फक्त तिची आठवण करून द्यावी लागते. उरलेले काम प्रेक्षकाचे मनच करते.

पुढील मार्गदर्शन मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या, हाताशी तीन-चार मित्र असलेल्या आणि आठ-दहा मिनिटांचा लघुपट करू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यातली पहिली तीन मिनिटे एवढाच विषय येथे घेतला आहे. उदाहरणादाखल एकच कल्पित प्रसंग शेवटपर्यंत वापरला आहे: सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यातली रात्रपाळी, टॉवेल विणणारे आठ माग आणि ते सांभाळणारा एकटा कामगार.

पहिली पायरी: नियम एका वाक्यात लिहा

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे. ‘अमुक घडले की धोका जवळ आला’ अशा साध्या रूपात ते बसले पाहिजे. बसत नसेल, तर आपल्याला भूत सुचले आहे, पण भीती अजून सुचलेली नाही, असे समजावे.

शार्क माशाच्या हल्ल्यांवरच्या १९७५ सालच्या ‘जॉज’ या चित्रपटाचे उदाहरण यासाठी सर्वांत उपयोगी आहे. समुद्रकिनाऱ्यावरची रात्रीची मेजवानी, पोहायला उतरलेली तरुणी, दारूच्या नशेत काठावरच झोपी गेलेला तिचा सोबती, आणि पाण्याखालून कोणीतरी तिला खेचते. शार्क या दृश्यात एकदाही दिसत नाही. तो नीट दिसायला पुढे एक तासाहून अधिक काळ जातो. चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यात वारंवार बंद पडत असल्यामुळे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो कमी दाखवणे भाग पडले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मात्र नवशिक्याने लक्ष द्यायचे ते त्याच्या जागी काय आले याकडे. पाण्याखालून पुढे सरकणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातले दोन लागोपाठचे स्वर यांची जोडी प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच शिकवली जाते. दोन स्वर म्हणजे शार्क. पुढे दोन मुले शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पर पाण्यावर दाखवून लोकांना फसवतात, तेव्हा ते संगीत वाजत नाही. दिग्दर्शकाने आपला नियम प्रामाणिकपणे पाळला आहे, आणि म्हणूनच खरे संगीत पुन्हा सुरू होते तेव्हा प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो.

आपल्या उदाहरणातला नियम असा: वीज गेली की कारखान्यातले सगळे माग थांबतात, पण ज्या वेळी ‘ते’ आलेले असते त्या वेळी एक माग चालूच राहतो. ‘ते’ म्हणजे काय, हे पहिल्या तीन मिनिटांत सांगण्याची गरज नाही. हा नियम निवडण्याचे कारण असे की विजेशिवाय यंत्रमाग चालत नाही हे कोणालाही समजावून द्यावे लागत नाही आणि सोलापूरच्या प्रेक्षकाला तर मागाचा आवाज जन्मापासून ओळखीचा असतो. नियम जितका आपल्या भोवतालातून उचललेला, तितका तो लवकर पटतो.

या पायरीवर आणखी एक गोष्ट ठरवून टाकावी. नियम मोडलेला दाखवायचा असेल, तर तो आधी पाळलेला दाखवावा लागतो. म्हणजेच तीन मिनिटांत वीज दोनदा जाईल: पहिल्यांदा नेहमीसारखी आणि दुसऱ्यांदा वेगळी. पहिल्यांदा कामगार वैतागतो, मोबाइलचा टॉर्च लावतो, बाटलीतले पाणी पितो, वीज आली की एकेक माग पुन्हा चालू करतो. या भागात घाबरण्यासारखे काहीही नसावे. नवे दिग्दर्शक नेमका हाच भाग ‘कंटाळवाणा’ म्हणून कापतात आणि मग दुसऱ्या अंधारात प्रेक्षक का घाबरला नाही, याचा शोध संगीतात घेत बसतात.

दुसरी पायरी: कोणाला किती ठाऊक आहे, ते ठरवा

रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत दिलेले बॉम्बचे उदाहरण आजही यापेक्षा सोप्या रीतीने कोणाला मांडता आलेले नाही. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच ठाऊक नसताना तो फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तेथे ठेवल्याचे प्रेक्षकाने आधी पाहिले असेल, तर टेबलावरच्या माणसांच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटे ताण देतात.

सुरुवातीच्या दृश्यात या तत्त्वाचा नेमका वापर पाहायचा असेल, तर २०१८ सालचा ‘अ क्वाएट प्लेस’ पाहावा. ओसाड गावातल्या दुकानात एक कुटुंब अनवाणी, हातवाऱ्यांनी बोलत वावरते. धाकट्या मुलाच्या हातातल्या आवाज करणाऱ्या खेळण्यातून वडील बॅटऱ्या काढून घेतात, बहीण त्याला ते खेळणे गुपचूप परत देते, आणि सर्वांची पाठ वळल्यावर तो बॅटऱ्याही उचलतो. हे फक्त आपण पाहतो. त्यानंतर सगळे शांतपणे रांगेने घरी चाललेले असतात, आणि आपल्याला मात्र श्वास घेणे जड जाते. आवाज म्हणजे मृत्यू, हा नियम एकाही बोललेल्या वाक्याशिवाय शिकवला गेला आहे.

याच्या उलट मांडणी २०१४ सालच्या ‘इट फॉलोज’मध्ये आहे. वस्तीतल्या रस्त्यावर एक मुलगी घरातून धावत बाहेर येते, मागे वळून कशाकडे तरी पाहते, गोल फिरून पुन्हा घराकडे जाते, आणि तिच्यासोबत हळूहळू वळणाऱ्या कॅमेऱ्याला रस्त्यावर काहीच दिसत नाही. येथे पात्राला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण त्या रिकाम्या रस्त्याचा कोपरा न् कोपरा तपासू लागतो, आणि पुढच्या पूर्ण चित्रपटात हीच सवय आपल्याला सोडत नाही.

आपल्या कारखान्यात दोन्ही मार्ग शक्य आहेत. कामगार कॅमेऱ्याकडे तोंड करून पाणी पीत आहे आणि त्याच्या मागे, अंधारात, एका मागाचा धोटा (आडवा धागा वाहून नेणारा भाग) या टोकाकडून त्या टोकाला जातो: हा पहिला मार्ग. किंवा कॅमेरा केवळ कामगाराच्या चेहऱ्यावर आहे, माग दिसतच नाही, आणि त्याची नजर अंधारातल्या एका ठिकाणी खिळलेली आहे: हा दुसरा. नवशिक्यांनी पहिला निवडावा, असे माझे मत आहे. दुसऱ्या मार्गात सगळा भार नटाच्या डोळ्यांवर येतो, आणि मित्राला नट करून उभे केले असेल तर तो भार त्याला बहुधा पेलत नाही.

तिसरी पायरी: जागा आणि वेळ

भीतिदायक दिसणारी जागा शोधू नये. नेहमीची वाटणारी जागा शोधावी. सोलापुरात भयपट म्हटले की पहिला विचार भुईकोट किल्ल्याचा येतो, पण तेथे चित्रीकरणासाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते हा भाग सोडला, तरी किल्ला पाहताच प्रेक्षक सावध होतो, आणि सावध प्रेक्षकाला काही शिकवणे कठीण असते. यंत्रमागाचा कारखाना, जिन्याखालची पाण्याची टाकी, मध्यरात्रीनंतर सुने पडलेले बस स्थानक, लग्न आटोपल्यावरचे रिकामे मंगल कार्यालय, ही सारी अधिक चांगली ठिकाणे आहेत. उसाचा फडही विचारात घ्यावा. २०१७ सालच्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटातले घर उसानेच वेढलेले आहे. एका सरीपलीकडचे काही दिसत नाही आणि वारा नसतानाही पाने घासल्याचा भास होतो, ही त्या जागेची सोय साखर कारखान्यांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यात फुकट उपलब्ध आहे.

रात्र हवीच, असेही नाही. १९८० सालच्या ‘द शायनिंग’ची सुरुवात लख्ख उजेडात, डोंगररस्त्यावरून जाणाऱ्या एका लहानशा मोटारीवर होते; अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात हेलिकॉप्टरमधून ती दृश्ये टिपली होती. उंचावरून कोणीतरी त्या मोटारीचा पाठलाग करत आहे असे वाटत राहते, आणि सोबतीला ख्रिस्ती मृत्युप्रार्थनेतील एक जुनी धून सिंथेसायझरवर वाजते. आपल्याकडे तर ‘भर दुपारी बाराला पिंपळाखाली जाऊ नको’ असे सांगणाऱ्या आज्या अजून हयात आहेत. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना, दुपारी दोन वाजता साखर पेठेतली गल्ली जितकी ओस असते तितकी ती रात्री दोन वाजताही नसते. उन्हातले भय आपल्या चित्रपटांत फारसे कोणी वापरलेले नाही, त्यामुळे नव्या माणसाला तेथे मोकळे मैदान आहे.

कारखान्यात चित्रीकरण करायचे असल्यास मालकाची परवानगी आणि कामगाराची सोबत, दोन्ही घ्यावी. चालू मागातून धोटा निसटून उडू शकतो, आणि ओढणी किंवा सैल बाही पट्ट्यात अडकू शकते; म्हणून चालू मागांची दृश्ये लांबून आणि त्या कामाची सवय असलेल्या माणसालाच घेऊन टिपावीत.

चौथी पायरी: कॅमेरा कोठे ठेवायचा

चौकटीत पात्राला एका कडेला उभे करावे आणि उरलेली दोन तृतीयांश जागा अंधारी व रिकामी ठेवावी. त्या जागेत काहीही न घडवता दृश्य पंधरा-वीस सेकंद तसेच धरावे. कोणी सांगितले नाही तरी प्रेक्षकाची नजर त्या रिकाम्या भागात जाऊन शोध घेऊ लागते. आठ मागांच्या मधल्या अरुंद वाटेच्या टोकाशी, कमरेच्या उंचीवर, तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) स्थिर ठेवलेला मोबाइल हे काम उत्तम करतो. पहिल्या अंधारात आणि दुसऱ्या अंधारात कॅमेरा नेमका त्याच जागी असावा. जागा तीच असली की बदललेली एकच गोष्ट ठळकपणे कळते.

कॅमेऱ्यालाच मारेकऱ्याचे डोळे बनवण्याचा मोह अनेकांना होतो. १९७८ सालच्या ‘हॅलोविन’मध्ये जॉन कारपेंटर यांनी तो प्रयोग फार विचाराने केला आहे. घराभोवती फिरून, स्वयंपाकघरातला सुरा उचलून, मुखवट्याच्या दोन भोकांतून पाहत आपण खून होताना बघतो, आणि बाहेर आल्यावर मुखवटा निघतो तेव्हा समोर सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. म्हणजे आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत होतो, या प्रश्नाला तेथे धक्कादायक उत्तर आहे. आपल्याकडे असे उत्तर नसेल, तर हलत्या कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

तांत्रिक बाबींत दोन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे. मोबाइलमध्ये फोकस आणि प्रकाशमान (एक्स्पोजर) लॉक करावेत, नाहीतर अंधार होताच मोबाइल आपणहून चित्र उजळवतो आणि सगळी मेहनत दाणेदार राखाडी होते. दुसरे म्हणजे, आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे किंवा लुकलुक दिसते. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० ठेवल्यास ती अडचण बहुतेक दूर होते. अंधाराचे दृश्य पूर्ण काळोखात टिपण्याऐवजी खिडकीबाहेर किंवा दाराआड एक मंद दिवा ठेवावा, म्हणजे मागांच्या कडा तेवढ्या दिसतील.

पाचवी पायरी: आवाज

माझ्या मते या तीन मिनिटांतला निम्म्याहून अधिक वेळ आवाजावर खर्च झाला पाहिजे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. शिवाय मोबाइलवर लघुपट पाहणारा प्रेक्षक पडद्यापेक्षा इयरफोनच्या जवळ असतो.

मागांचा आवाज प्रथम वेगळा ध्वनिमुद्रित करावा. कारखान्याच्या आत तो इतका प्रचंड असतो की कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात, आणि तेथे धरलेल्या मोबाइलचा माइक फाटका, चिरकलेला आवाज टिपतो. म्हणून एकदा दाराशी उभे राहून, एकदा रस्त्याच्या पलीकडून आणि एकदा शेजारच्या खोलीतून, असे तीन नमुने घ्यावेत आणि संकलनात ते एकावर एक चढवावेत. यानंतर, माग बंद असताना, सर्वांनी श्वास रोखून एक मिनिटभर त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करावी. ही शांतता अत्यंत महत्त्वाची असते, कारण आवाज पूर्ण शून्यावर नेला तर प्रेक्षकाला वाटते की व्हिडिओ बिघडला. जागेची स्वतःची शांतता लावली तर त्याला वाटते की तो तेथे उभा आहे.

आता वीज जाण्याचा क्षण घ्या. खटखटाट एकाच झटक्यात तुटत नाही. माग मंदावत, एखादा ठोका आधी, एखादा नंतर, असे विरत जातात. पहिल्या अंधारात हे विरणे प्रेक्षकाला पूर्ण ऐकवावे, आणि शेवटच्या ठोक्यानंतर छताच्या पंख्याचे अखेरचे फेरे, टाकीत पडणारा थेंब, लांब कुठेतरी भुंकणारा कुत्रा, असे लहान आवाज एकेक करून पुढे येऊ द्यावेत. मोठ्या गोंगाटानंतर कान आपोआप बारीक आवाज शोधू लागतो, त्यामुळे येथे काही वाढवून सांगावे लागत नाही. दुसऱ्या अंधारात तेच विरणे पुन्हा सुरू होते. सात माग थांबतात. आठवा अजून वाजत असतो, आणि प्रेक्षकाला क्षणभर वाटते की हा जरा उशिरा थांबेल. तो थांबत नाही. त्या ‘जरा उशिरा’ आणि ‘थांबत नाही’ यांच्यामध्ये जे चार-पाच सेकंद आहेत, त्यांच्यासाठी ही सगळी उभारणी केलेली आहे; तेथे संगीताचा एकही स्वर नसावा.

संगीत लावायचेच असेल तर ते शीर्षकावर लावावे. १९६० सालच्या ‘सायको’ची सुरुवात फिनिक्स शहरातल्या हॉटेलच्या खोलीत, भर दुपारी, एका प्रेमी युगुलाच्या बोलण्याने होते, त्यात भयाचे काही नाही. पण त्याआधी नामावलीवर बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर रचलेले धारदार संगीत वाजून गेलेले असते आणि त्या साध्या संवादांनाही त्याची अस्वस्थता चिकटून राहते. दुसऱ्याच्या चित्रपटाचे संगीत उचलू नये, यात कायद्याचाही प्रश्न आहे आणि चवीचाही. स्वतः मुद्रित केलेला मागाचा आवाज निम्म्या वेगाने वाजवला तर तो एक सप्तक खाली उतरतो आणि एखाद्या अवजड प्राण्याच्या श्वासासारखा ऐकू येतो. आपल्या कथेला यापेक्षा जवळचे संगीत मिळणार नाही. फार खोल, घुमणारे आवाज मात्र वापरून उपयोग नाही, कारण मोबाइलच्या लहान स्पीकरमधून ते बाहेर येतच नाहीत.

सहावी पायरी: दचका

अचानक मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकवणे सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच ते पहिल्या तीन मिनिटांत जास्तीत जास्त एकदा करावे. तोही खोटा दचका असू नये. मांजर उडी मारते आणि सगळे हसतात, हा प्रकार प्रेक्षकाला नेमके उलटे शिकवतो: येथे घाबरण्याचे कारण नाही.

सातवी पायरी: कोठे तोडायचे

दृश्य पूर्ण होण्याच्या जरा आधी तोडावे. कामगार आठव्या मागाकडे जातो, हात पुढे करतो, आणि हात मागाला टेकण्यापूर्वी शीर्षक येते. त्याचे पुढे काय झाले हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या दृश्यातून कळू द्यावे: माग बंद आहे, आणि त्याच्यावर रात्रीत विणला गेलेला टॉवेल कोणाच्याही नक्षीशी जुळत नाही.

‘स्क्रीम’ने १९९६ साली याहून धीट पाऊल उचलले. जाहिरातीत ठळकपणे झळकलेल्या ड्रू बॅरिमोर यांच्या पात्राचा खून पहिल्या पाव तासातच झाला, आणि या चित्रपटात कोणीही सुरक्षित नाही हा नियम प्रेक्षकाला समजला. लघुपटात प्रसिद्ध चेहरा नसल्याने ती युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. नियम निवेदनातून सांगण्याचा मार्गही आहे. २०१८ सालच्या ‘तुंबाड’मध्ये हस्तर या लोभी देवाची कथा आरंभीच सांगितली जाते: सोने आणि धान्य यांच्या हव्यासापायी त्याला काय भोगावे लागले, आणि त्याची पूजा का होऊ नये. पण त्या निवेदनाला समर्थ प्रतिमांची साथ आहे. केवळ काळ्या पडद्यावर आवाज लावून ‘या गावात फार वर्षांपूर्वी…’ असे सुरू करणे हे सहसा पटकथेतल्या अडचणीवरचे पांघरूण असते.

आठवी पायरी: दाखवून पाहा

तयार झालेली तीन मिनिटे अशा माणसाला दाखवावीत ज्याला कथा ठाऊक नाही, आणि दाखवताना पडद्याकडे पाहू नये, त्या माणसाकडे पाहावे. प्रथम आवाज बंद करून दाखवावे. नियम केवळ चित्रांतून किती कळतो, ते लक्षात येईल. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकवावा. शेवटी दोन्ही एकत्र. त्याला ‘भीती वाटली का?’ असे विचारू नये, कारण मित्र असेल तर तो हो म्हणेल. ‘दुसऱ्यांदा वीज गेली तेव्हा तू काय ऐकत होतास?’ असे विचारावे. आठवा माग थांबण्याची तो वाट पाहत होता असे उत्तर आले, तर सुरुवात साधली आहे आणि पुढच्या दृश्यांकडे वळायला हरकत नाही. ‘वीज दोनदा गेली, एवढेच लक्षात आले’ असे उत्तर आले, तर नव्याने चित्रीकरण करण्याआधी संकलनात पहिल्या अंधारातली शांतता पाच-सहा सेकंदांनी लांबवून तेच दृश्य दुसऱ्या एखाद्या अनोळखी प्रेक्षकाला दाखवावे.